शाळा बघायला गेलेल्या मामाला अटक

तीर्थस्वरूप सौ. ताईच्या पायांशी तिच्या एकुलत्या एक (आणि दाजींच्या मते एकच पुरे असलेल्या) भावाचा साष्टांग नमस्कार. खरं तर आठातली सहाच अंगं टेकली आहेत, कारण खोलीभर रंगाचे डबे आहेत आणि पूर्ण आडवं व्हायचं तर दार उघडून पाय जिन्यात सोडावे लागतात. उरलेली दोन अंगं समक्ष भेटीत टेकवीन.

मी मजेत आहे. तुझी कंबर कशी आहे? दाजींचे केस कसे आहेत, म्हणजे आहेत का? थोरला, आपला वकील, अजून ताटातल्या भाजीची उलटतपासणी घेतो का? आणि धाकटी, आपली गोगलगाय? तिला माझ्याकडून एक पापा दे. ती लगेच पुसून टाकेल, पण तू दे. फोन का करत नाही म्हणशील, तर गेल्या आठवड्यात तुझ्याशी बोलून झाल्यावर फोन खिशात टाकला तो खिसा नव्हता, निळ्या रंगाचा डबा होता. बाहेर काढला, पुसला, उन्हात वाळवला. आता दिसायला फार देखणा झालाय, पण बोलत नाही. (आपल्या नात्यात अशी एक व्यक्ती आहे. नाव लिहीत नाही, पत्र दाजीही वाचतील.) शिवाय फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतेस. पत्रात ती सोय नाही. हे पत्र मालाच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. त्याला चहा दे, पण गप्पा मारू नकोस, नाहीतर त्याचा ट्रक तुमच्या दारातून हलायचा नाही.

तर मुद्दा. (मी मुद्द्यावर आलोय, याची नोंद घे.) इतकी वर्षं लोकांचं रक्त तपासून तपासून तुला प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळालं, तेही या गावात, आणि सोमवारी साहेबांना हो की नाही ते सांगायचंय. दाजींची बदली व्हायला सहा महिने लागणार. म्हणून तू मला सांगितलंस, 'तू तिथं आहेसच, तुझ्या पायाला भिंगरी आहेच, ती एकदा आमच्यासाठी फिरव. शाळा बघ, शाळेजवळ घर बघ. आणि शाळेत काय शिकवतात ते बघू नकोस, तुला कळणार नाही. फाटक बघ.' फाटक का, ते मला सांगायला नको. मागच्या शाळेतून गोगलगाय फुगेवाल्याच्या मागोमाग सरळ बाहेर पडली, पंक्चरवाल्याच्या दुकानात टायरमध्ये बसून बिस्किटं खाताना सापडली, आणि ती शाळेत नाही ही बातमी शाळेला तूच फोन करून दिलीस. तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. फाटकाची खात्री नसेल तर बढती गेली खड्ड्यात, असं तू म्हणालीस, आणि तू म्हणालीस म्हणजे ती जाणारच. म्हणून मी मालकांकडून सुट्टी काढली. (आमचे मालक म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी पाट्या रंगवतो ते. सुट्टी काढली म्हणजे न सांगता गेलो.)

घरांचा एजंट मिळाला. त्यानं मला बघताक्षणी 'सर' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं, म्हणून त्याचा गैरसमज मी दूर केला नाही. तो मला दोन मुलांचा बाप समजत होता आणि 'मॅडमना किचन मोठं लागेल ना?' असं सारखं विचारत होता. त्यानं आधी एका मोठ्या सोसायटीत नेलं. तिथं हिरवंगार गवत आहे आणि गवतात तीन पाट्या आहेत: चालू नये, खेळू नये, मोठ्याने बोलू नये. तिन्ही आम्हीच रंगवल्यात, त्यामुळे अक्षराबद्दल तक्रार नाही. पण तिथं आपली पोरं ठेवायची म्हणजे मांजर फ्रीजमध्ये ठेवण्यासारखं आहे. टिकेल, पण मांजर राहणार नाही.

त्या सोसायटीला लागूनच शाळा. आत शिरल्याशिरल्या माशांची भली मोठी काचपेटी, आणि भिंतीभिंतीवर कॅमेरे. मी हातात ब्रश घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. कुणी हटकलं नाही. एका बाईंनी थांबवलं, तेही 'नळाचं काम तुमच्याकडेच ना?' असं विचारायला. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी नळ दाखवलासुद्धा. ताई, मी नळ दुरुस्त केला. (वायसर गेला होता.) मग पाय दुखत होते म्हणून चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर टेकलो. अपूर्णांक चालू होते. मला चौथीत असताना कळले नव्हते ते अजूनही कळत नाहीत, म्हणजे शिकवायची पद्धत तीच आहे असं दिसतं. बाहेर पडताना रखवालदारानं मला सलाम ठोकला. इतके कॅमेरे, आणि बघणारं कुणी नाही. ती शाळा काट.

दुसरी शाळा बाजारपेठेच्या मागे. लोक फार प्रेमळ. इतके प्रेमळ की दारातल्या माणसाला मी नुसतं परीक्षा म्हणून सांगितलं, 'पोरगी न्यायला आलोय,' तर त्यानं आत जाऊन एक मुलगी आणून दिली. दोन वेण्या, गुबगुबीत गाल, पाठीवर तिच्याएवढं दप्तर.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"मी कुणीच नाही."

"बरं. चला मग," म्हणाली आणि दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं.

आता ही परत कशी करायची? दारातला माणूस ऐकेना. एकदा सुटलेलं मूल परत घेता येत नाही, असा त्यांचा नियम आहे. (कापडाच्या दुकानातसुद्धा यापेक्षा बरी वागणूक मिळते.) मी तिला घेऊन पायरीवर बसून राहिलो. तिनं मला तिच्या बाईंच्या नकला करून दाखवल्या, त्या छान होत्या. शेवटी तिचे आजोबा आले. मला वाटलं, आता हे काठीनं बडवणार. तर ते मलाच शाळेचा माणूस समजले, 'उद्या जरा लवकर बाहेर काढा हिला' असं दटावलं आणि नातीला घेऊन गेले. ताई, त्या वेळी तू तिथं नव्हतीस हे फार चांगलं झालं. तू त्या दारातल्या माणसाचं रक्त न तपासताच काढलं असतंस.

तिसरी शाळा लहान. भिंतींचा रंग गेलेला, आणि जो आहे तो लावणाऱ्याला मी कामावर ठेवलं नसतं. जवळच एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं घर होतं. एजंट म्हणाला, घरापासून शाळा पाच मिनिटं. पण एजंटची पाच मिनिटं आपल्याला काय कामाची? गोगलगायीची किती, ते कळायला हवं. म्हणून मी तिच्यासारखं चालायचं ठरवलं. (मला जड गेलं नाही.) प्रत्येक घराच्या गजांवरून ब्रश खडखडवत नेला. एका कुत्र्याची विचारपूस केली. मुंग्या एक मेलेला चतुर ओढत नेत होत्या, त्यांना वळण कठीण जात होतं, तिथं थांबावं लागलं. मग रस्त्याच्या कडेच्या दगडांवर एक पाय वर आणि एक खाली असा लंगडत निघालो. माझं हे चालणं बघून एजंटनं वाटेतच काढता पाय घेतला. शाळेशी पोचलो आणि वाटलं, तिच्या उंचीवरून हे फाटक कसं दिसेल? गुडघे टेकले, गजांत डोकं घातलं आणि आत बघायला लागलो. तेवढ्यात मागून कुणीतरी कॉलर धरली.

फाटकावरची मावशी होती. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण मी गुडघ्यांवर होतो.

"काय पाहिजे?"

"काही नाही. बघतोय."

"काय बघतोयस?"

"मुलं."

ताई, काही उत्तरं तोंडातून निघाल्यावरच कळतात. तिनं मला कॉलरसकट मोठ्या बाईंच्या खोलीत नेलं आणि पहिलीच्या मुलांच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची मला इतकी घट्ट बसली की पळायचा प्रश्नच मिटला. मोठ्या बाईंनी चष्म्यातून बघत विचारलं, मुलं कुणाची? म्हटलं, बहिणीची. कोणत्या वर्गात? अजून कुठल्याच नाही. मुलीचं नाव? मी म्हटलं, गोगलगाय. आणि मुलाचं? वकील.

"बाई, पोलिसांना बोलावू का?" मावशी म्हणाली.

खरं नाव सांगायचं म्हटलं तर आठवेना. ते नाव तू फक्त रागावलीस की घेतेस, आणि तू रागावलीस की मी घराबाहेर असतो. तुझा नंबर मागितला, तर तो निळा पडलेला. 'मामा म्हणवता आणि भाचीचं नाव माहीत नाही?' बाईंनी विचारलं. 'मग माहीत तरी काय आहे?' मला जरा राग आला. मी सांगितलं की ती एक मोजा हातात धरून झोपते. हात सुकवायच्या यंत्राला घाबरते. तिला रडू येतं तेव्हा ती रडत नाही, बुटाचा बंद सोडते. तेव्हा तो बांधायचा नसतो, शेजारी बसून आपलाही सोडायचा असतो. आणि ती पळून जात नाही, बाई. ती कशाच्या तरी मागे जाते आणि मागे वळून बघत नाही, कारण तिला वाटतं आपलं माणूस मागे आहेच.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, विरघळल्या. कसल्या विरघळतात! म्हणाल्या, "छान. पण तिची आई समोर येऊन सांगेपर्यंत हे सगळं ऐकीव." आणि मला तसंच खुर्चीत ठेवून आमच्या मालकांना बोलावणं धाडलं. मालक टर्पेंटाइनचा वास घेऊन आले. याला ओळखता का? ओळखतो की. माणूस कसा आहे? मालकांनी खुर्चीत अडकलेल्या मला एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "चोर नाही. चोरी करायला एका जागी थांबावं लागतं."

यावर मला सोडण्यात आलं. खुर्ची काढायला दोघं लागले.

तर ताई, शोध संपला. पहिल्या शाळेनं मला नळ दिला, दुसरीनं पोरगी दिली, तिसरीनं कॉलर धरली. जी शाळा माझ्यासारख्याला आत सोडत नाही तीच आपल्या पोरांच्या कामाची. शिंप्यावरचं घर मी धरून ठेवलंय. खिडकीतून फाटक दिसतं. किचन लहान आहे, पण मॅडमना चालेल असं मी सांगून टाकलं. सोमवारी बिनधास्त हो म्हण.

दाजींना नमस्कार, वकिलाला शाबासकी, गोगलगायीला आणखी एक पापा (पहिला पुसला गेला असणार).

तुझाच, नळ, रंग आणि मुलांची ने-आण यांतला जाणकार,
धाकटा

ता. क. तू विचारण्याआधीच सांगतो. निघताना मोठ्या बाईंनी विचारलं की आई प्रयोगशाळेत, वडील सहा महिन्यांनी, मग दुपारी मुलांना न्यायला कोण येणार? मी म्हटलं, मी. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. खुर्चीमुळे रक्त डोक्यात चढलं असेल. मालक रविवारी पुढच्या गावाला निघतायत, त्यांना मी येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, कुठं पडलास का? सांगायचं काय, तर त्या घरातला दाराजवळचा कोपरा मला दे. मी कमी जागेत मावतो, हे आता सिद्ध झालंय.

ता. क. दुसरा. मावशीचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. ती म्हणाली, पोरं येतील तेव्हा येतील, आधी रोज सुटायच्या वेळेला येऊन दाखव. पहिल्या दिवशी मला उशीर झाला (वाटेत एक बकरी होती), तर सगळ्या आयांच्या देखत बोलणी खाल्ली. आता रोज वेळेवर जातो आणि फाटकाशी रिकाम्या हातानं रांगेत उभा राहतो. आया मला त्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरायला देतात. मुलं सुटतात, एकेक आपापल्या माणसाकडे जातं, रांग संपते, आणि शेवटी मी एकटा उरतो. मावशी फाटक लावता लावता मुद्दाम विचारते, "आणि तुमची कुठं आहेत?"

मी रोज सांगतो, निघालीत.