यादीतली अकरावी ओळ

प्रिय ठमे,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी गॅलरीत पेपर मांडीवर घेऊन नुसताच बसलो होतो. तू भरभर बोललीस, हसलीस, मध्येच रडलीस आणि मला धड काही बोलूच न देता फोन ठेवलास. अगदी आईवर गेली आहेस. तुझे बाबा असते तर एक वाक्य बोलून पाच मिनिटं गप्प बसले असते. तेव्हापासून चार दिवस झाले, हे पत्र मनात लिहितो आहे आणि खोडतो आहे.

म्हातारपणी माणसाला कालचं आठवत नाही, पण शाळेतला कवितेचा तास लख्ख आठवतो. आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून कविता मध्येच तोडायचे, काहीतरी भलतंच विचारायचे, ‘घरात माणसं किती रे?’ वगैरे, आणि लगेच म्हणायचे, ‘हं, पुढे!’ भलेभले अडखळत. मी मात्र तुटली तिथून कविता उचलायचो आणि धडाधड शेवटपर्यंत न्यायचो. वर्ग टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या, ठमे, आणि पुढे जन्मभर उतरल्या नाहीत. तुझ्या बाबांचं नेमकं उलटं. लांबच्या उड्डाणात मी त्यांना कविता म्हणायला लावायचो. चौथ्या ओळीत अडले की ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. मी चिडवायचो, ‘अरे, तुझी गाडी दर वेळी डेपोतूनच निघते का?’ ते हसायचे आणि खरंच पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे.

तू तेव्हा चार वर्षांची होतीस. आम्ही ते जुनं दोन पंख्यांचं विमान उडवायचो, मी डावीकडे कॅप्टनच्या जागी, ते उजवीकडे कोपायलट. निघण्याआधीच्या तपासणीची यादी पुठ्ठ्यावर चिकटवलेली असायची. ते एकेक ओळ वाचायचे, मी त्या त्या गोष्टीकडे पाहून, हात लावून उत्तर द्यायचं. अकरावी ओळ लॉकची. तू उडवतेस त्या आताच्या विमानांत तसलं काही नाही, म्हणून सांगतो. विमान उभं असताना शेपटीच्या झडपा वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून एक दांडी ओढून त्या जखडून ठेवत. निघताना ती दांडी खाली करायची. राहिली, तर विमान धावतं, पण नाक उचलत नाही.

त्या सकाळी आम्ही आधीच चाळीस मिनिटं उशिरा होतो. दहावी ओळ झाली आणि मालवाहतुकीचा माणूस धापा टाकत कॉकपिटमध्ये शिरला. तीन पेट्या पुढून मागे हलवल्या होत्या आणि वजनाचा कागद नवा होता. तुझ्या बाबांनी यादीवरचं बोट उचलून तो कागद घेतला. तेवढ्यात कंट्रोल टॉवरनं रेडिओवर सांगितलं, ‘सहा मिनिटांत निघा, नाहीतर रनवे दुरुस्तीसाठी बंद होतोय, मग दोन तास बसा.’ मागे एक गृहस्थ जागेवरून हुज्जत घालत होते, त्यांचा आवाज पार पुढपर्यंत येत होता. मी वजनाचे आकडे पाहिले, सही केली. तुझ्या बाबांनी यादी पुन्हा उचलली.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. अहवालातही एवढंच आहे, आणि त्यापुढे लिहिलंय की कोपायलटनं अकरावी ओळ गाळून बारावी वाचली. तशी त्यांनी ती वाचली, हे खरंच आहे. नंतर रनवेवर धावताना नाक उचलायला जोर लावून ओढलं, तर सुकाणूचा दांडा हातात भिंतीसारखा घट्ट. मी ब्रेक दाबले, रनवे संपला, पुढचं चाक चरात गेलं. एक्केचाळीस माणसं जिवंत बाहेर आली. आमच्या एअर होस्टेसचा पाय दोन ठिकाणी मोडला, ती पुन्हा कधी उडाली नाही. दर वर्षी मला तिचं शुभेच्छापत्र येतं. तिला काहीच माहीत नाही.

आता अहवालात नाही ते. यादी उचलल्यावर तुझे बाबा म्हणाले होते, ‘सर, मध्ये खंड पडला. वरून घेऊ या?’ आणि मी म्हणालो, ‘अरे, पाठ आहे मला. अकरा झालंय. बारा वाच.’ मी खोटं बोललो नव्हतो गं. मला खरंच वाटलं होतं की झालंय. हजार सकाळी म्हटलेली ओळ त्या सकाळीही म्हटल्यासारखी कानात वाजत होती. दांडी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाठ असलेल्या माणसाला पाहायची गरज कुठे असते?

चौकशीला तीन जण बसले होते. त्यांनी विचारलं, यादी कोण वाचत होतं? म्हटलं, कोपायलट. दहावीनंतर काय वाचलं? म्हटलं, दहावीनंतर त्यांनी बारावी वाचली. एकही शब्द खोटा नव्हता. असा एकही खोटा शब्द नसलेला खोटेपणा मी त्या दिवशी केला. तुझे बाबा आत गेले तेव्हा त्यांना वाटलं असणार, सरांनी स्वतःचं बोलणं सांगितलंच असेल, आपण कशाला उगाच त्यांना अडचणीत आणायचं. अहवाल आला त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहा प्यायले, माझ्या पाठदुखीची चौकशी केली आणि निघून गेले. मी दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही. मी उडत राहिलो. ते ट्रेनिंग स्कूलच्या वर्गात खडू धरून उभे राहिले, एकवीस वर्षं. आणि तू शाळेत ‘तुझा बाबा ओळ गाळतो’ हे ऐकत मोठी झालीस.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी औषधाची चिठ्ठी वाचत होतो तर डोळे मिटूनच म्हणाले, ‘सर, चष्मा लावून वाचताय ना? का पाठ आहे?’ मी हसलो. तेही हसले. वहिनींना, तुझ्या आईला, वाटलं, आम्ही जुन्या गमती काढतोय.

रविवारी तू म्हणालीस, ‘काका, बाबांच्या हातून झालं ते माझ्या हातून कधीच होणार नाही. आणि कॅप्टनच्या चार पट्ट्या माझ्या खांद्यावर तुम्हीच लावायच्या, बाबांच्या जागी.’ मी ‘हो’ म्हणालो, आणि पुन्हा एकदा खोटा शब्द न बोलता खोटा वागलो. म्हणून हे पत्र. तुझ्या बाबांच्या हातून काहीही झालं नव्हतं. वर लिहिलं तेच सगळं सहीनिशी लिहून चौकशीच्या कार्यालयात आज सकाळी स्वतः देऊन आलो, पोच घेतली, प्रत सोबत आहे. पुढच्या गुरुवारी तुझ्या पट्ट्यांच्या समारंभाला मी येईन. त्या हॉलमध्ये तो अहवाल खरा मानणारे पुष्कळ जण असतील, त्यांच्यापुढे मला दोन मिनिटं उभं राहू दे. पट्ट्या मात्र माझ्या हातून नकोत, त्या तू आणि आई ठरवाल त्या हातांनी लागू देत. आणि वहिनींना हे पत्र तूच वाचून दाखव. मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो, कडीला हात लावला आणि परत आलो.

तुझाच,
काका