धाकट्याशेजारची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिंप्याकडे काज-बटण, सध्या अंथरुणाला खिळलेली पण डोकं ठिकाणावर असलेली, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेणारी माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. मी सांगेन तसंच लिहायचं, मध्ये सुधारायचं नाही, असं तिने कबूल केलं आहे.

१. या माझ्या दोन खोल्या पुतणीला मिळाव्यात. रस्त्यापलीकडचं घर आईने धाकट्या भावाच्या नावे केलेलं आहे, त्यावर कोणी हक्क सांगू नये. इथून त्याची खिडकी दिसते, म्हणून मी या खोल्या घेतल्या. पुतणीला विकायच्या असल्या तर खुशाल विकाव्यात.

२. माझी बचत धाकट्याच्या जेवणखाणाला लावावी. थोरल्याने त्यातून नवीन टॉनिक आणू नये.

इथे थोडं सांगणं भाग आहे. धाकटा तरणतलावावर पोहायला शिकवायचा. हसरा, दंगेखोर, अंगाला कायम तलावाच्या पाण्याचा वास. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी तो एका नवशिक्याचे पाय धरून उभा होता आणि त्याच्या पाठीमागे आठ वर्षांची एक मुलगी आवाज न करता बुडाली. चौकशी झाली. एवढ्या मुलांवर एकच माणूस ठेवला होता, त्याचा दोष नाही, असं ठरलं. त्या निकालाचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला, घरी आला आणि खिडकीपाशी बसला. त्याच्यापुरती ती चौकशी अजून चालू आहे.

३. धाकट्याच्या खोलीतली लाकडी खुर्ची माझी आहे. ती थोरल्याला द्यावी, पण तिथून हलवू नये. त्याने तिच्यावर बसावं आणि गप्प राहावं. "मर्द आहेस की कोण? ऊठ!" असं म्हणत याच थोरल्याने त्याला एकदा तलावाच्या दारापर्यंत ओढत नेलं होतं. ते मी विसरलेले नाही. परत आल्यावर थोरला जिन्यात तोंड झाकून रडला, तेही विसरलेले नाही.

मी तरी काय वेगळी होते? पहिलं वर्षभर डॉक्टर, गोळ्या, फिरायला चल, हे वाच, ते ऐक. एक दिवस तो म्हणाला, "ताई, तू आलीस की मला धडकी भरते. वाटतं, आजही मी बरा झालो नाही, आता हिला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानातले सदरे घेऊन गेले आणि त्याच्या शेजारी बसून काजं करत राहिले. रोज तीन ते पाच. तो बाहेर बघायचा, मी सुईकडे.

एकदा फरशी पुसायची बादली उन्हात राहिली. पाण्यावरचा उजेड छतावर हलायला लागला. मी घाईने झाकायला उठले, तर म्हणाला, "राहू दे." आम्ही दोघं वर बघत राहिलो. खोली हळूहळू भरत चालली. कपाट तरंगलं, पलंग तरंगला, माझ्या मांडीवरचे सदरे बाह्या पसरून वर निघाले, आणि आम्ही दोघं तळाशी, कोरडे, श्वास घेत बसलेले.

"तिला असंच दिसलं असेल का गं?"

"माहीत नाही रे."

ऊन सरकलं, छत पुन्हा छत झालं. त्या दिवशी त्याने आपणहून दोनदा चहा मागितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा. तो बरा झाला, असं या कागदात कुठेही लिहू नये.

४. माझी कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि मेणाचा गोळा दुकानाच्या मास्तरांना. त्यांनी मला अठरा वर्षं अडीच वाजता सोडलं, कारण विचारलं नाही. गिऱ्हाइकासमोर "हिचं काज एक धागा मोठं असतं" म्हणाले होते, ते साफ खोटं आहे. त्यांनी एकदा लग्नाचंही विचारलं. मी म्हणाले, "तीन वाजता मी तुमची नसेन." ते म्हणाले, "मग पाचनंतर?" मी हसून विषय टाळला. ती चूक माझी.

५. धाकट्यापाशी बसण्याचं काम मला कोणाच्या नावे करायचं होतं. वकील म्हणाले, तसं कलम लिहिता येत नाही. पुतणीला विचारलं तर म्हणाली, "आत्या, मी तिथे जाऊन काय करू?" मी म्हटलं, "काही नाही. तुझे तपासायचे पेपर ने." तिने हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तिच्यावर बंधन नाही.

इथवर लिहून झालं आणि जिन्यात पावलं वाजली. तीन आठवडे मला पलीकडे जाता आलं नव्हतं. दारात धाकटा उभा. एकोणीस वर्षांनी आपणहून रस्ता ओलांडून आलेला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"ताई, मला काही करता येणार नाही."

"बस."

बसला. पुतणीने लिहिणं थांबवलं होतं, मी तिला म्हटलं, लिही.

स्थळ : माझी राहती खोली, दुसरा मजला.
दिनांक : या महिन्याची नऊ, मंगळवार, दुपारी सव्वातीन.

आमच्यासमोर बाईंनी राजीखुशीने सही केली :
साक्षीदार १ : दुकानाचे मास्तर
साक्षीदार २ : खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई

खुलासा : सही डाव्या हाताची आहे, म्हणून वाकडी आली. पुढे कोणी शंका काढू नये. उजवा हात धाकट्याने धरला होता, तो मी सोडवून घेतला नाही.