तीन नंबरचा खड्डा

४ मार्च
आले एकदाची! खोली झकास आहे. खिडकीतून थेट कारखान्याची धुरांडी दिसतात. रंग बनवणारा हा कारखाना अठरा वर्षं बंद आहे. तो साफ करून नवं काम सुरू करायचंय. माती तपासून निर्धोक असल्याची सही द्यायची मी. घरमालकीणबाईंना पहिल्याच दिवशी काकू म्हणायला लागले. चहा देता देता त्यांनी विचारून घेतलं, आमच्या सुनेला कुठे चिकटवता येईल का? सून भलती तिखट. म्हणाली, "इथे हाताला काम नाही ना ताई, म्हणून सगळ्यांच्या जिभेलाच काम!"

११ मार्च
सून लागली कामाला. माती उपसायला तिच्यासकट अकरा जण तीन नंबरच्या खड्ड्यात उतरतात. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क. कोण आहे ते ओळखू येत नाही. तिथली माती निळसर आहे, आणि हाताला कोमट लागते. म्हातारा पहारेकरी सांगत होता की इथे जमिनीखाली टाकी होती. ती साफ करायला अकरा माणसं उतरली, ती वर आलीच नाहीत. मालकाने चुना ओतून टाकी बुजवली. कारखान्याचे मॅनेजर हसले. म्हणाले, म्हाताऱ्याचं पेन्शन बुडालं, तेव्हापासून तो असंच काहीबाही बरळतो.

१५ मार्च
तपासणीत शिसं मर्यादेच्या चाळीसपट निघालं. मॅनेजरांचं म्हणणं, तळापर्यंत खणायचं तर वर्ष जाईल. पैसा लावणारे पळतील, मग काकूंना काय तोंड दाखवणार? फाटकाबाहेर नोकरीच्या अर्जांची रांग लागली होती. मी नमुने कुंपणापलीकडच्या बागेतून भरले. 'खाली धोकादायक काही नाही' असं लिहून सही ठोकली. गावाचं भलं करतेय, असं स्वतःला बजावलं. इतक्या सहज पटेल असं वाटलं नव्हतं.

१९ मार्च
अकरा उतरले. बारा वर आले. दोनदा मोजले. मॅनेजर म्हणाले, जास्तच आला ना? कमी आला असता तर चौकशी लागली असती.

२० मार्च
आज बारा उतरले, अकरा वर आले. मॅनेजर खूश. "झाली ना बेरीज बरोबर?"
घरी काकू रडवेल्या. सून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. मास्क काढत नाही. एक अक्षर बोलत नाही. ती! मी जवळ गेले. अंगाला ओल्या चुन्याचा वास.

२ एप्रिल
तेच चाललंय. एक दिवस एक जास्त, दुसऱ्या दिवशी एक कमी. घरोघरी माणसं भिंतीकडे तोंड करून. पहारेकरी काम सोडून गेला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

१० एप्रिल
आता अकराही गप्प. जेवायच्या सुट्टीत डबे उघडत नाहीत. थकत नाहीत. मॅनेजर म्हणतात, असे कामगार मिळायला भाग्य लागतं.

११ एप्रिल
काल रात्री खड्ड्यावर काँक्रीट ओतलं. आज दुपारी मी त्यावरून चालले — खालून ठोके. कान लावला. खोकला. एकाचा नव्हे, अनेकांचा. मग सुनेचा आवाज. ताई म्हणून हाक.
धावत मॅनेजरांकडे. "फोडा ते," मी म्हणाले, हात जोडले. त्यांनी शांतपणे माझाच कागद पुढे केला. "खाली काही नाही, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

१२ एप्रिल, सकाळ
उद्घाटन आहे. सगळे मांडवात. घण मिळाला, काँक्रीटला चीर पाडली — हात सोलले — कोणी तरी येतंय असं वाटलं म्हणून पत्र्याच्या केबिनमध्ये शिरले, कडी लावली. काकूंसाठी लिहून ठेवतेय. तुमची सून खाली आहे. घरात आहे ती ती नव्हे. चूक माझी —

अकराही जण दाराशी आलेत. ढकलत नाहीत. नुसते उभे. एकाच्या हातात रिकामा पांढरा पोशाख, माझ्या मापाचा.

चिरेतून सून ओरडतेय. ताई, दार उघडू नका, इथे आता एकाचीच जागा उर—