धारचे पाहुणे येऊन गेले

इंदूर, १४ जून १९५३

चि. लक्ष्मीकांतास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी लेक सुलोचना इथे आमच्याकडे राहून मॅट्रिक पास झाली. गणितात वर्गात पहिली आहे. तुझ्या वहिनीने मोहल्लाभर पेढे वाटले. पेपरांच्या दिवसांत पोर जरा वाळली होती, आता नीट जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तू ठरवलेस तसे धारचे पाहुणे रविवारी तिला बघून गेले. माणसे भली आहेत. मुलाच्या काकांनी दोनदा पोहे घेतले आणि हसत विचारले, "क्यों बेटी, अब आगे क्या?"

ही म्हणाली, "कॉलेज. मला गणित शिकवायचंय."

"अरे, आमच्याकडे मॅट्रिक बहुत झालं!"

"मला नाही झालं, काका."

तुझ्यावरच गेली आहे पोर. खाण तशी माती, दुसरे काय!

सगळे माझ्याकडे बघू लागले. "पोर आहे, मनावर घेऊ नका" असे म्हणून मी सावरायला हवे होते. पण चौथीतून उठून मी गिरणीत लागलो, तेव्हा पुढे काय, हे मला कुणी विचारले नव्हते. तोंडून निघून गेले, "ती म्हणते तेच माझं म्हणणं." पाहुणे चहा घेऊन उठले.

तुला न विचारता बोललो. धारला काय कळवायचे ते कळव, दोष माझ्या माथी मार.

कॉलेजचा फॉर्म सोबत घातला आहे. महिनाअखेर द्यायचा आहे. बाकी सगळे तिने भरले आहे, बापाच्या सहीची जागा तेवढी कोरी आहे.

तुझा,
दादा