चौदावी गोगलगाय

ती. दाजींस,

शि. सा. नमस्कार. (साष्टांगाला कंबर तयार नाही, तेव्हा जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा.) आपली तब्येत उत्तम असेल, ताईचा गुडघा उताराला लागला असेल आणि आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या दारावरचा तो रंगवलेला भला मोठा डोळा अजून येणाऱ्याजाणाऱ्यांवर वटारलेला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघंही मजेत. हस्ताक्षर माझं नेहमीचं वाटणार नाही, तिकडे लक्ष देऊ नये. पेन नवीन आहे.

चार वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. याचं कारण तुम्हाला माहीत आहे आणि त्या दिवशी लग्नाला आलेल्या दीडशे माणसांनाही. भाचीच्या लग्नात, नव्या व्याह्यांच्या देखत, तुम्ही अंगठ्याने माझी डावी पापणी वर केलीत आणि म्हणालात, मेहुणे, मोतीबिंदू धरतोय, वेळेत दाखवा. दाजी, मी रफूगार आहे. फाटलेलं कापड त्याच कापडाच्या दुमडीतला धागा काढून मी असं विणतो की गिऱ्हाईक बोटाने चाचपत बसतं आणि शेवटी मलाच विचारतं, फाटलं होतं कुठे? अशा माणसाला चारचौघांत डोळा चालला म्हणणं म्हणजे आचाऱ्याला जीभ गेली म्हणण्यासारखं आहे. हात आणि डोळा सोडून माझ्यापाशी दुसरी मिळकत नाही. त्यावर मी जे बोललो (चष्मे विकणाऱ्याला सगळं जगच आंधळं दिसतं, वगैरे) ते जरा मोठ्याने बोललो, एवढं कबूल. गोड न खाता पानावरून उठलो, हेही खरं. पण ते जाऊ द्या. सदुसष्टाव्या वर्षी मी चष्मा काढून सुईत दोरा ओवतो, हे गेल्या वर्षी ताईला मुद्दाम कळवलं होतं, ते तिने तुमच्या कानावर घातलं असेलच. हे पत्र डोळ्यांविषयी नाही. हे पत्र गोगलगायींविषयी आहे, आणि गोगलगायींच्या बाबतीत या भागात आज माझ्या तोडीचा माणूस नाही, असं मी नाही, लोक म्हणतात.

त्याचं असं झालं. दुकानामागच्या अंगणात हिने कोबीचा एक वाफा केलाय. (ही कशी आहे ते तुम्ही जाणताच, बोलणं कमी, करणं फार.) त्या कोबीला गोगलगायी लागल्या. हिने त्या वेचून बादलीत भरल्या आणि लांब कुठेतरी सोडून या म्हणून बादली माझ्या हातात दिली. मी आत डोकावलो आणि तिथेच पायरीवर बसलो. पिवळ्या शंखावर गर्द पट्टे, कुणाला पाच, कुणाला तीन, कुणाला एकच, कमरपट्टा बांधल्यासारखा. एखादी नुसतीच पिवळी, एखादी गुलाबी. कुठे गाठ नाही, कुठे टाका चुकलेला नाही. इतकं सुबक काम टाकवेना. त्यातल्या चौदा मोठ्या ठेवल्या, बाकीच्या खरोखरच लांब सोडल्या. (पलीकडच्या गल्लीत त्या दुसऱ्या रफूगाराचंही अंगण आहे, हा योगायोग.)

आमच्या वरच्या मजल्यावर बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाई राहतात. त्यांना जिन्यात गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, यांत दोन जाती असतात, सख्ख्या बहिणींसारख्या. पट्ट्यांवरून काही कळत नाही, पट्टे दोघींना तसेच. पूर्ण वाढ झाली की शंखाच्या तोंडाला जाडशी कड येते, तिला ओठ म्हणतात. एकीचा ओठ तपकिरी, दुसरीचा पांढरा. पिल्लांना ओठच आलेला नसतो, म्हणून पिल्लं ओळखायच्या भानगडीत पडू नये. इथवर ठीक होतं. पण जाता जाता म्हणाल्या, यात भल्याभल्यांची फसगत होते. हे वाक्य त्यांनी माझ्यापुढे बोलायला नको होतं. माझ्या खणात पांढऱ्या दोऱ्याची अकरा रिळं आहेत आणि ते अकरा वेगळे पांढरे आहेत. दुधी वेगळा, मोतिया वेगळा, सायीचा वेगळा, चुन्याचा वेगळा. हिला त्यातले चार दिसतात. अशा माणसाची म्हणे पांढऱ्या-तपकिरीत फसगत!

दुसऱ्याच दिवशी खिडकीशी बसून निवाडा केला. पद्धत आमच्या धंद्यातलीच. रिळं निवडताना मी एक डाव्या हातात घेतो, एक उजव्या. डाव्या हातातलं डाव्या डोळ्यापुढे धरायचं आणि उजवा मिटायचा, उजव्या हातातलं उजव्या डोळ्यापुढे आणि डावा मिटायचा. तशाच गोगलगायी घेतल्या. पहिली, डाव्या हातातली, तपकिरी ओठाची निघाली. दुसरी, उजव्या हातातली, पांढऱ्या. तिसरी तपकिरी, चौथी पांढरी. दाजी, चौदाच्या चौदा एकाआड एक निघाल्या, बरोबर सात आणि सात. निसर्गात इतकी शिस्त असते, हे मला या वयात कळलं. त्यांना दोन काचेच्या बरण्या दिल्या. तळाला ओली माती, वर काकडीची चकती, शंख मजबूत व्हावा म्हणून अंड्याच्या कवचाची भुकटी. तोंडाला मलमलीचे दादरे शिवले आणि एकावर ‘त’, दुसऱ्यावर ‘पां’ अशी अक्षरं भरली. टेबलावर ‘त’ माझ्या डाव्या हाताला, ‘पां’ उजव्या हाताला. बेचाळीस वर्षं खाली बघून माझी मान आता वळत नाही, त्यामुळे डावीकडची बरणी डाव्या डोळ्याने आणि उजवीकडची उजव्या डोळ्याने तपासायची असा नेम पडला. रोज सकाळी नऊला तपासणी, वहीत नोंद आणि खाली सही.

महिनाभरात माझी कीर्ती अशी पसरली की लोक धडधाकट कपडे घेऊन रफूला येऊ लागले. स्वभावातला फरकही मी लोकांना दाखवत असे. तपकिरी ओठाच्या त्या गंभीर, काकडीकडे विचार करून जाणाऱ्या. पांढऱ्या ओठाच्या उथळ. वाचनालयाचे ग्रंथपाल पँट घेऊन आले होते, ते थक्क झाले आणि त्यांनी मला वाचनालयात व्याख्यानाचंच आमंत्रण दिलं. विषय, सारख्या दिसणाऱ्या गोगलगायी कशा ओळखाव्यात. मी इयत्ता सातवी शिकलेला माणूस, आणि माझं नाव फळ्यावर खडूने लिहिणार होते. दाजी, मी तो फळा आदल्या दिवशी जाऊन बघून आलो.

(याच सुमारास एक फालतू गोष्ट घडली, तिचा विषयाशी संबंध नाही म्हणून कंसात लिहितो. एका बँडमास्तरांचा पांढरा कोट कोपरावर फाटला होता, तो मी रफू करून दिला. ते तिसऱ्या दिवशी परत आले. भला माणूस, आवाज चढवला नाही. नुसतं कोपरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे. बेचाळीस वर्षांत कुणी त्या जागेवर बोट ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, तुमच्या घरातला दिवा खराब असेल. ते बरं म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ही समोर बसून एकदा माझ्याकडे, एकदा बरण्यांकडे बघत होती.)

तर व्याख्यान. त्या सकाळपर्यंतच्या नऊ दिवसांच्या नोंदी माझ्याजवळ आहेत. नऊच्या नऊ दिवस डावीकडे सर्व तपकिरी, उजवीकडे सर्व पांढऱ्या, सही. फक्त एक गोष्ट खटकत होती. उजव्या बरणीतल्या एकीचा ओठ एक दिवसाआड मळलेला दिसे. ओल्या फडक्याने पुसला तरी डाग निघेना, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तिथे सगळ्या लख्ख. मी तिचं नाव मळकी ठेवलं. व्याख्यानाच्या सकाळी नेमकी ती पुन्हा तोंड माखून बसलेली. लोकांपुढे असं ध्यान नको म्हणून तिला एका वाटीत ओल्या कापडाखाली घरीच ठेवली आणि तेरा घेऊन गेलो.

खुर्च्या तीस, माणसं अकरा. अकरा म्हणजे थोडी वाटतील, पण पाऊण तास एकही उठला नाही. बाई काठी टेकत येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी ‘त’ बरणीतली एक काढून हातावर घेतली, दाखवली, आणि विचारलं, कसा आहे ओठ? बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, उठून जवळ आल्या, दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग सातही पाहून हळूच म्हणाल्या, या सगळ्या पांढऱ्या ओठाच्याच आहेत. मी हसलो. मी नऊ दिवसांची वही काढली. तेव्हा शेवटच्या रांगेतून ही उभी राहिली. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात जी चार माणसांत कधी बोलली नाही, ती म्हणाली, त्या वहीवर जाऊ नका, नऊ दिवस रोज सकाळी मी झाऱ्याने डावीकडच्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे करतेय. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते इतकी वर्षं माझ्याच घरात होतं.

बाईंनी मला डाव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला. ठेवला. हातावरच्या गोगलगायीचा ओठ पांढरा झाला. चुन्याचा पांढरा, रीळ नंबर चार. मग उजव्या डोळ्यावर ठेवला. तीच गोगलगाय, ओठ चहासारखा तपकिरी. पुन्हा हात बदलला, पुन्हा बदलला. दाजी, मी घाबरलो. मला गोगलगायी दिसेनात, बँडमास्तरांचं बोट दिसायला लागलं. पण मी डगमगणाऱ्यांतला नाही. मी सभेला म्हणालो, मंडळी, एकच गोगलगाय दोन जातींची कशी असू शकते हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं, ते आज मी प्रत्यक्ष करून दाखवलं. त्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काचा हादरल्या. असो. सांगायचं एवढंच, की तुमचा मेहुणा आता व्याख्याता झालाय. ताईला नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

आपला,
मेहुणा (रफूगार आणि गोगलगायतज्ज्ञ)

ता. क. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ ही म्हण मला येते. ती उत्तरात पाठवू नये.

ता. क. २. चष्म्याशिवाय अचानक सुई ओवता यायला लागणं हे मोतीबिंदूचंच एक लक्षण असतं, असं बाईंनी मला पुस्तकातून वाचून दाखवलं. म्हणजे ताईकडून तुम्हाला हे कळलं तेव्हाच तुम्ही ओळखलं असणार. तेव्हा ताईने लिहिलं होतं, की ऐकून तुम्ही ताटावरून उठलात, फोन उचललात आणि परत ठेवलात. मला वाटलं होतं, जळलात.

ता. क. ३. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय. तुम्ही डोळा बघावा, मग शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे बरोबर यावं. दुसऱ्या कुणाच्या अंगठ्यावर माझा विश्वास नाही. बँडमास्तरांचा कोट मी परत मागून आणलाय आणि डोळा बरा होईपर्यंतची मुदत घेतली आहे. त्या दिवशी गोड खाल्लं नव्हतं, तेही बाकी आहे.

ता. क. ४. पेन जुनंच आहे. रेघ दिसत नाही म्हणून हे पत्र मी सांगितलं आणि हिने लिहिलं. माझ्याविषयी जिथे जिथे बरं लिहिलंय, तिथे तिने मान हलवली होती, पण लिहिलं.

भाऊजींना नमस्कार. हे अंगणात बरण्यांना पाणी शिंपडायला गेलेत, तेवढ्यात माझ्या चार ओळी. टाळ्या बाईंनी आणि मी, दोघींनीच वाजवल्या. हे खुर्चीवर बसले आणि घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. काल बाई चहाला खाली आल्या, तेव्हा त्यांनी ती वाटीतली मळकी उचलून उजेडात बघितली. चौदांत तपकिरी ओठाची ती एकच आहे. मी रोज अदलाबदल करत होते, त्यामुळे ती एक दिवसाआड यांच्या उजव्या डोळ्यापुढे येत होती आणि दर वेळी यांना बरोबर दिसत होती. पाच वेळा ओलं फडकं घेऊन पुसलं बिचारीला. हे यांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, वन्संनाही तसंच बजावा. डाव्या डोळ्याची पट्टी निघाली की सगळ्यांत आधी मी तीच यांच्या डाव्या हातावर ठेवणार आहे. तोवर तिला वेगळी बरणी केली आहे. दादरा मीच शिवलाय. टाके दिसतात, पण सध्या चालून जाईल.