एक माळ आणि वीस मणी

रविवार, ५ मार्च
संकल्प: कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर घ्यायचा नाही. चालत्या वस्तूला नावं ठेवणं देवाला आवडत नाही.
मुलगा परगावी नोकरीला जाताना कॉम्प्युटर मला ठेवून गेला आणि एक खेळ शिकवून गेला. दोघांनी मिळून घर बांधायचं, कोंबड्या पाळायच्या. दर रविवारी चारला, तो तिकडून, मी इकडून. आज म्हणाला, "आई, तुझं मशीन फार अडकतं गं. मी दार उघडून उभा आणि तू अजून विहिरीपाशी." म्हटलं, माझे गुडघेही तसेच आहेत. हसला नाही. लवकर गेला. काम असेल.

बुधवार, ८ मार्च
खेळ उघडायला किती वेळ लागतो ते मोजलं. घड्याळाचा सेल संपलाय, म्हणून जपमाळ घेतली. एक माळ आणि वीस मणी. म्हणजे बसल्या बसल्या नामस्मरण होतं. यात तोटा कुठे आहे? प्रोसेसरचा विषय बंद.

रविवार, १२ मार्च. सायंकाळी ५.३०
चारला बसले. एक माळ, वीस मणी. मुलाच्या नावापुढे तो आल्याचा हिरवा ठिपका नाही. त्याच्या वाटणीच्या कोंबड्यांनाही दाणे घातले. मशीनच इतकं मंद, तो येऊन गेला तरी मला दिसायचा नाही.
हे पेपरामागून म्हणाले, "अगं, फोन कर की त्याला." फोनवर तो नेहमी कामात असतो. खेळात कधी कामात नसतो. यांना त्यातलं काय कळतंय!

गुरुवार, १६ मार्च
दुकानात जाऊन आले. नुसती चौकशी, घ्यायचा नाहीच आहे.
दुकानदार म्हणाला, "काकू, घर बांधायच्या खेळाला तुमचा प्रोसेसर पुरे. नवा जुन्या बोर्डात बसणार नाही. मग बोर्ड बदला, रॅम बदला. तो खर्च मारामारीचे खेळ खेळणाऱ्यांनी करावा. एकट्या माणसाला कशाला?"
म्हटलं, एकटी कोण? आम्ही दोघं खेळतो.
"मग त्या दुसऱ्याला विचारा," म्हणाला. असं आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून याचं दुकान चालतं तरी कसं?

रविवार, १९ मार्च
ठिपका नाही. शेवटी फोन केला. म्हणाला, "नाही जमलं गं. आणि तुझ्याकडे अडकतं ना, मजा येत नाही."
बघा! मी काय म्हणत होते? सगळा दोष प्रोसेसरचा.
संकल्प: नवा घेणे. बोर्ड आणि रॅमसकट घेतला की पुन्हा पुन्हा खर्च नको. काटकसर म्हणतात ती हीच. चष्म्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. जुना चष्मा चांगला आहे, फक्त अक्षरं जोडीने दिसतात.

बुधवार, २२ मार्च
दुकानदाराने घरी येऊन बसवला. जाताना पुन्हा म्हणाला, "काकू, मी नको म्हटलं होतं हं." चहा दिला.
मशीनवर देवापुढचं एक फूल ठेवलं. उघडून पाहिलं. बारा मणी! फक्त बारा! मुलाला कळवलं, आता मुळीच अडकत नाही, रविवारी चारला ये. त्याने लगेच अंगठा पाठवला. म्हणजे येणार.
यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. पान उलटलं.

रविवार, २६ मार्च. सायंकाळी ६
चारला बसले. बारा मणी. ठिपका नाही.
माळ अर्धवट सोडू नये, म्हणून खेळ बंद करून पुन्हा उघडला. बारा मणी. असं नऊ वेळा केलं तेव्हा माळ पुरी झाली.
पाचला मुलाचा निरोप आला. "आई, सॉरी. तो खेळ मी मागेच काढून टाकला. इथले सगळे दुसराच खेळतात. मशीन मस्त झालं ना?" मस्त झालं, असं कळवलं. खोटं नाही ते.
कोंबड्यांना दाणे घातले. कुठेही अडकलं नाही.
पूर्वी तो आलेला नाही हे कळायला एक माळ आणि वीस मणी लागायचे. तेवढा वेळ तो येणार असायचा.