भगवानच्या विहिरीची बाटली

१४ मार्च १९९४

दोन रिकाम्या बाटल्या आज माझ्या ओट्यावर वस्तीला आल्यात!

बांधापलीकडच्या कंपनीने खड्ड्यात पिंपं पुरली. त्यातलं विष कुठवर झिरपलं ते बघायला पनवेलच्या लॅबमधली मुलगी, वल्लरी, गावच्या विहिरींचं पाणी भरायला आली होती. खड्ड्याजवळच्या विहिरीचं भरलं आणि जीपचं चाक बसलं. "आजी, ह्या दोन ठेवते. उद्या येऊन भरते," म्हणाली आणि रिक्षाने गेली. पोरगी उन्हाने लालेलाल. ताक दिलं.

बाटल्यांवर चिठ्ठ्या आहेत. माझ्या मुलाच्या, प्रणितच्या, पुस्तकांतून चोरून अक्षरं शिकले त्याचा उपयोग झाला. एक आमच्या विहिरीची, एक भगवानच्या. भगवान म्हणजे माझा धाकटा भाऊ, शेजारचाच. सहा वर्षं बोलत नाही! प्रणितच्या लग्नात ह्याची लाँच उशिरा सुटली. मोऱ्याच्या धक्क्यावरून धावत येईपर्यंत मुहूर्त टळत होता, म्हणून मामाच्या जागी दुसऱ्याला उभं केलं. तेव्हापासून तोंड फिरवलंय.

त्याच्या बाटलीवर धूळ होती. बोलत नाही म्हणून काय भावाची बाटली मळकी जाऊ द्यायची? बूच काढून कपड्यांची पावडर टाकली आणि काथ्याने आतबाहेर घासली. चकचकीत! आमची तशीच ठेवली. स्वतःचीच चमकवली असं कोणी म्हणायला नको.

१५ मार्च

वल्लरीने दोरीला वजन बांधून पाणी भरलं. वरचं नाही, खोलातलं. "वरचं फसवतं, आजी." भगवान आपल्या बांधावर पाठ करून उभा होता. पण कान इकडे!

२ एप्रिल

रिपोर्ट आला. आमची विहीर पास. खड्ड्याजवळची नापास, तिला वासच मारायचा. आणि भगवानचीही नापास! पाण्यात साबणासारखं काहीतरी निघालं म्हणे. काठावर लाल रंगाची फुली मारली. भगवान कंपनीच्या दिशेला तोंड करून अर्धा तास शिव्या देत होता. कंपनीला काही ऐकू गेलं नाही. मला सगळं गेलं.

वाईट वाटलं फार. बापाने खणलेली विहीर ती.

४ एप्रिल

काय लिहू! भगवान आला! माझ्या दारात! हातात कळशी.

माझ्याशी बोलला नाही. मांजराला म्हणाला, "तुझ्या मालकिनीला सांग, पानी न्यायला आलोय. भीक मागायला नाय."

मी पण मांजरालाच म्हटलं, "मामाला सांग, विहीर काही पळून चालली नाही."

मांजर एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

९ एप्रिल

आज मांजर उंदरामागे गेलं होतं. भगवान रहाटाशी बोलला.

२१ एप्रिल

रोज येतो. रहाटाचा दोर बदलून दिला, न सांगता. मी कठड्यावर चहा ठेवते. तो पितो, आणि मांजराला सांगतो, "साखर कमी हाय. हिचा हात आधीपासूनच आखडता."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. देवा, मनात आलं ते लिहूनच टाकते — ती फुली पुसली जाऊ नये.

३ मे

वल्लरी पुन्हा आली. बाटल्या ओट्यावर ठेवून चपला काढत होती. मी म्हटलं पोरीची मदत करावी, म्हणून एक उचलली, पावडर घेतली —

"आजी, नको!!" केवढ्याने ओरडली! मांजर पत्र्यावर.

ह्या बाटल्या म्हणे लॅबमध्येच स्वच्छ करून आणतात. आत साबणाचा कण जरी राहिला तरी अख्खा रिपोर्ट खोटा.

मी पावडरचा डबा पदराआड केला.

ती आपली सांगतच होती, "त्या शेजारच्या विहिरीचं कोडंच आहे. कंपनीचं काही सापडलं नाही, नुसता साबण! पण बंद विहिरीचं सँपल आता कोणी घेणार नाही. मागच्या वेळी नव्हती ना धुतलीत?"

"अगं बाई, दूध उतू जातंय!" म्हटलं आणि आत पळाले. चुलीवर दूध नव्हतंच.

५ मे

सांगितलं तर विहीर सुटेल आणि भगवान यायचा बंद होईल. नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कंपनीच्या नावावर एवढं पाप, त्यात माझं चमचाभर!

७ मे

आज भगवानऐवजी त्याची बायको हौसा आली. दोन हंडे, डोक्यावर ऊन, गुडघा सुजलेला. "वन्सं, माझ्या दाराम्होरं विहीर हाय आणि मी इथवर पाय घासते," म्हणाली आणि कठड्यावर बसूनच राहिली.

झालं. दुपारच्या एसटीने पनवेलला गेले. लॅबमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. वल्लरी आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आजी, उलटं झालं असतं तर? विषारी विहीर पास ठरली असती तर?"

घरापर्यंत ते वाक्य बरोबर आलं.

२३ मे

नव्या बाटलीचा रिपोर्ट आला. भगवानची विहीर पास. फुली खरवडली. हौसाने नारळ फोडला.

मी मांजराला पुढ्यात घेऊन सांगितलं, "मामाला सांग, बाटली मीच धुतली होती. त्याची विहीर उजळ दिसावी म्हणून."

भगवानने ऐकलं. कळशी उचलली. रिकामीच घेऊन गेला.

२४ मे

रहाट गप्प. चहा दोन कप झाला. सवय. एक ओतून दिला.

२५ मे

सकाळी रहाट वाजला. धावत गेले. मांजर घरात झोपलेलं.

भगवान सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, आमच्या पान्याला अजून साबनाचा वास येतो गं."

चहात साखर जास्त टाकली.